वाचणाऱ्याच्या बाजूने

कालनिर्णयचं कुठलंही पान घ्या आणि त्यातला एकच चौकोन नीट पाहा. तारखेचा ठळक आकडा. त्याच्या आसपास तिथी, नक्षत्र, एखादी जयंती किंवा सण, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ. रविवार आणि सुट्ट्या लाल. ओट्याशी उभ्या असलेल्या आजींना सहा-सात फुटांवरून, चष्मा न लावता तारीख आणि वार कळतो. एकादशी कधी आहे हे पाहायचं तर मात्र दोन पावलं पुढे यावं लागतं. कोणती माहिती लांबून दिसावी, कोणती जवळ आल्यावर, काय लाल असावं आणि काय काळं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं हे कॅलेंडर मराठी भिंतींवर इतकं रुळलं आहे की त्यामागे मांडणीचा विचार आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. तो विचार म्हणजे ग्राफिक डिझाइन. तो विचार करून पोट भरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या काळजीत पडलेल्या आईवडिलांसाठी, हे पुस्तक आहे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी तोच प्रश्न येतो. पोराचा हात चांगला आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालीय, वर्गातले फळे तोच सजवतो. आता पुढे काय? मागच्या दोन पिढ्यांत याचं उत्तर ठरलेलं होतं: ‘कमर्शियलला घाला.’ हा सल्ला वाईट नव्हता. त्यातून अनेकांचे संसार उभे राहिले. पण त्यात एक समज दडलेला होता, की ज्याला चित्र येतं त्याला हे काम येतं. चित्रकलेचा हात उपयोगी पडतो, याबद्दल वाद नाही. तरीही या व्यवसायात जी माणसं वीस-तीस वर्षं टिकली, त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट समान दिसते. ती माणसं आधी वाचतात. समोर आलेला मजकूर काय आहे, तो कुणासाठी आहे, तो माणूस तो मजकूर कुठे उभा राहून, किती घाईत, कुठल्या उजेडात वाचणार आहे, याचा विचार करून मगच ती पेन्सिल किंवा माउस हातात घेतात. वाचणाऱ्याची बाजू घेणं हे या व्यवसायाचं मूळ भांडवल आहे. मराठीत काम करणाऱ्याला तर हे दुपटीने लागू पडतं, कारण देवनागरी जाणणारे डिझायनर अजून थोडे आहेत आणि करण्याजोगं काम मात्र डोंगराएवढं पडून आहे.

काम म्हणजे काय काय? नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर लोगो आणि जाहिरात एवढंच येतं. प्रत्यक्षात पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि त्याहून महत्त्वाची आतली पानं, वर्तमानपत्राचा मांड, मसाल्याच्या पाकिटापासून औषधाच्या पट्टीपर्यंतचं वेष्टन, रुग्णालयातले आणि रेल्वे स्थानकातले दिशादर्शक फलक, सरकारी अर्ज, निवडणुकीतलं प्रचारसाहित्य, चित्रपटाची शीर्षकं, मोबाइलवरच्या बँकेच्या ॲपचा पडदा, शाळेची पाठ्यपुस्तकं, आकडेवारीचे तक्ते, हलती चित्राक्षरं आणि खुद्द अक्षरांची, म्हणजे फॉन्टची निर्मिती, हा सगळा याच व्यवसायाचा मुलूख आहे. यातल्या प्रत्येक कामाचं कसब वेगळं, मोबदला वेगळा आणि त्यात रमणाऱ्या माणसाचा स्वभावही वेगळा. वेष्टनाचं काम करणाऱ्याला खोक्याची घडी, शाई आणि कायद्याने छापावा लागणारा मजकूर यांचं भान लागतं. ॲपवर काम करणाऱ्याला प्रोग्रामरशी बोलता यावं लागतं. मुखपृष्ठ करणाऱ्याने हस्तलिखित वाचलेलं असावं, अशी अपेक्षा असते. ती नेहमी पुरी होत नाही आणि मुखपृष्ठ पाहिलं की ते लगेच कळतंही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. तिच्याबद्दल सलग लिहिलं गेलेलं फारच कमी असल्यामुळे इथे थोडं थांबायला हवं.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं, तेव्हापासून छापील पानाचा प्रश्न आपल्यापुढे उभा आहे. हाताने लिहिलेल्या पोथीची ऐट आणि यंत्राची शिस्त यांचा मेळ कसा घालायचा? १८६० च्या दशकात जावजी दादाजींनी टाइपाचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरांचे पंच कोरणारा कसबी कारागीर त्यांच्या सोबत होता. निर्णयसागरचा टाइप आजही जुन्या संस्कृत ग्रंथांत पाहावा. जोडाक्षरं दाटीवाटीची, पण वळणं इतकी स्वच्छ की डोळा अडखळत नाही. पोलादाच्या तुकड्यावर उलटं अक्षर कोरणाऱ्या या माणसांना कुणी डिझायनर म्हटलं नाही. त्यांनी ठरवलेल्या वळणांवर मात्र मराठी वाचकाच्या कितीतरी पिढ्यांची नजर घडली.

चित्रांच्या बाजूने पाहिलं तर पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा प्रेस काढला. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रं घराघरांत पोचली आणि त्यांच्यासोबत छापील रंगाची गोडीही पोचली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची पोस्टरं केली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतल्या अगदी जुन्यांपैकी एक. पोस्टर लांबून हाक मारतं आणि जवळ आल्यावर गोष्ट सांगतं, हे त्या माणसाला कुठल्याही शाळेत न जाता कळलं होतं.

शाळेचं म्हणाल तर १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कला शाळेत, म्हणजे जे.जे.त, १९३५ मध्ये कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्यातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिरात संस्थांची मुंबई आणि जे.जे. यांचं नातं तेव्हापासूनचं. एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवला. अमूलची ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी. ही पात्रं आजही कामावर आहेत. इतकी वर्षं टिकलेली कल्पना म्हणजे काय चीज असते, हे शिकायला याहून चांगली उदाहरणं आपल्याकडे क्वचितच सापडतील.

मराठी वाचकाच्या घरात मात्र जाहिरातीहून अधिक काम दिवाळी अंकांनी आणि पुस्तकांनी केलं. गोव्यातून मुंबईला आलेले दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे या काळाचे राजे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. मुळगावकरांची देवदेवतांची चित्रं कॅलेंडरांतून भिंतीवर गेली आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरची त्यांची मुखपृष्ठं रेल्वे स्टॉलवर माणसं थांबवत राहिली. द. ग. गोडसे यांनी नेपथ्य, मुखपृष्ठ आणि कलासमीक्षा एकाच ताकदीने केली. सिव्हिल इंजिनियर असलेल्या वसंत सरवटे यांनी रेषेतून लेखकाचा स्वभाव पकडला. बाळ ठाकूर आणि सुभाष अवचट यांनी मुखपृष्ठाला पुस्तकाशी बोलायला लावलं.

आणि कमल शेडगे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरी करता करता त्यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटली. जागा किती? एका कॉलमची रुंदी, काही सेंटिमीटर उंची. रंग नाही, छायाचित्राला वाव नाही, कागद हलका, शाई पसरणारी. आजूबाजूला दहा नाटकांच्या दहा जाहिराती. एवढ्यात ऐतिहासिक नाटकाचा दरारा, फार्सचा चावटपणा, कौटुंबिक नाटकाची घालमेल नुसत्या अक्षरांच्या वळणात उतरवायची. शेडगे ते करत राहिले, आठवड्यामागून आठवडे. वाचकाने नाटकाचं नाव वाचण्याआधीच त्याला नाटकाचा सूर कळावा, ही त्यांची किमया. २०२० मध्ये ते गेले. त्यांची अक्षरं कुठल्याही फॉन्टच्या यादीत मिळत नाहीत, कारण ती त्या त्या नाटकापुरतीच जन्मली होती. विद्यार्थ्याने जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढून ती कागदावर गिरवावीत, असा माझा आग्रह आहे. हाताला जे कळतं ते डोळ्याला नुसतं पाहून कळत नाही.

र. कृ. जोशी हे या परंपरेतलं दुसरं टोक. कवी, सुलेखनकार, उल्का जाहिरात संस्थेतले कला-दिग्दर्शक, पुढे पवईच्या आयआयटीत शिक्षक आणि त्याही पुढे संगणकावरच्या भारतीय लिप्यांचे एक मुख्य शिल्पकार. विंडोजसोबत येणारा ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्या हातचा. ज्या पिढीने मराठी मजकूर पहिल्यांदा पडद्यावर पाहिला, तिने तो बहुधा रकृंच्या अक्षरांत पाहिला, त्यांचं नावही न ऐकता. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखन रंगमंचावर आणि रस्त्यावर नेलं. आज एक टाइपसारख्या मुंबईतल्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. तालुक्याच्या गावातलं डीटीपी केंद्र आणि मुंबईतली बडी कंपनी एकच दर्जेदार अक्षर वापरू शकतात, ही गोष्ट छोटी नाही.

आता घराण्यांबद्दल. आपल्याकडे या कामाच्या तीन वाटा स्पष्ट दिसतात. एक जे.जे.ची: जाहिरात, चित्र, अक्षर, छपाई यांच्यावर उभी असलेली, हाताच्या कौशल्याला मान देणारी. दुसरी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, म्हणजे एनआयडीची. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात आपल्या साध्या लोट्याच्या घडणीवर त्यांनी फार प्रेमाने लिहिलं आहे. १९६१ मध्ये संस्था उभी राहिली. तिच्यावर जर्मनीतल्या उल्म शाळेचा आणि स्वित्झर्लंडच्या मांडणीशास्त्राचा ठसा होता: आधी समस्या समजून घ्या, संशोधन करा, जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, मांडा, अनावश्यक ते काढा. १९७१ मध्ये शेखर कामत यांनी केलेलं स्टेट बँकेचं निळं वर्तुळ या शिस्तीतून आलं. या दोन वाटा वेगळ्या असल्या तरी त्यांच्यात पूल आहेत. जे.जे.त शिकून उल्मला गेलेले सुधाकर नाडकर्णी यांनीच १९६९ मध्ये आयआयटी मुंबईतल्या औद्योगिक डिझाइन केंद्राची, आयडीसीची, पायाभरणी केली. त्याच केंद्रात पीएच.डी. करत असलेल्या डी. उदयकुमार यांचं रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं. ‘र’ला दोन आडव्या रेषा दिल्या आणि शिरोरेषा चलनात आली.

तिसरी वाट बाजाराची. तिच्याबद्दल पुस्तकांत काही नसतं. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, भिंतीवरच्या खतांच्या जाहिराती रंगवणारे पेंटर. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावतीपुस्तकं छापणारे छोटे छापखाने. आणि गेल्या वीसेक वर्षांतले डीटीपी व फ्लेक्सवाले. या पेंटरांना अक्षराचं जे भान होतं ते कुणी लिहून ठेवलं नाही. चालत्या एसटीतून वाचता यावं म्हणून अक्षर किती रुंद ठेवायचं, उन्हात कोणता रंग उडतो, काना किती जाड हवा, हे त्यांना पाठ होतं. फ्लेक्सने त्यांचा धंदा बसवला आणि चौकाचौकांत वाढदिवसांचे फलक लावले. त्या फलकांची मांडणी मला अजिबात आवडत नाही. माणसांचे चाळीस चेहरे, सात फॉन्ट आणि त्यांच्यामागे सूर्योदय. पण ते करणारा मुलगाही रोज गिऱ्हाईक सांभाळतो, तासाभरात काम देतो, मशीनचा प्रोफाइल ओळखतो. आपल्या डिझाइन शिक्षणाने त्याला कधी दार उघडलं नाही, याची मला खंत वाटते. हे पुस्तक त्याच्याही हातात पडावं असं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

जगाचा इतिहास इथे एका दमात सांगतो, कारण तो इतरत्र भरपूर मिळतो. इंग्लंडात विल्यम मॉरिसने १८९१ मध्ये केल्मस्कॉट प्रेस काढून यंत्रयुगातल्या ओबडधोबड छपाईला उत्तर दिलं. जर्मनीत १९१९ ते १९३३ या काळात बाउहाउसने कला आणि कारखाना यांची सोयरीक जुळवली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्विस मंडळींनी जाळी, डावीकडे सरळ कडा आणि निर्विकार अक्षर यांचं शास्त्र बनवलं. १९५७ चा हेल्वेटिका हा त्या विचाराचा चेहरा. अमेरिकेत पॉल रँडने बड्या कंपन्यांना पटवलं की बोधचिन्ह ही चैन नसून धंद्याची गरज आहे. मग त्याच स्वित्झर्लंडात वोल्फगांग वाइनगार्टसारख्यांनी जाळी मोडायला घेतली. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, पुढल्या वर्षी पेजमेकर, १९९० मध्ये फोटोशॉप, आणि सगळा मांडच बदलला.

तो बदल आपल्याकडे कसा आला, हे जुन्या माणसांना विचारावं. आधी मजकूर टाइपसेट होऊन ब्रोमाइडवर यायचा. मग कटर, रबर सोल्युशन, रोट्रिंग पेन, निळी पेन्सिल. आर्टबोर्डवर ओळ सरळ चिकटवायची आणि वर बटर पेपर लावून सूचना लिहायच्या. शुद्धलेखनाची एक चूक निघाली तर एक वेलांटी कापून दुसरीकडून आणून लावायची. संगणक आला आणि ही कारागिरी पाच-सात वर्षांत संपली. पण देवनागरीपुरता संगणक सुरुवातीला अर्धवटच आला. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, कळफलक वेगळा. एका फॉन्टात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की गाळ. युनिकोडने ही अडचण सोडवली, तरी अनेक छापखान्यांत जुन्या फॉन्टांचाच संसार अजून चालू आहे. मराठीतली दोन-तीन दशकांची पुस्तकं त्यामुळे आज शोधता येत नाहीत, की ई-पुस्तकात सहज नेता येत नाहीत. हे दुरुस्त करणं हे पुढच्या दहा वर्षांतलं फार मोठं काम आहे आणि ते करणाऱ्याला पैसेही मिळतील.

देवनागरीचं पान लावणं म्हणजे नेमकं काय, हे एका ओळीवरून सांगतो. वरच्या ओळीत ‘शत्रूंच्या’ असं आहे. त्यातला ऊकार खाली लोंबतो. नेमका त्याच्याखाली पुढच्या ओळीत ‘मूर्ती’ आला. त्याच्या डोक्यावर वेलांटी आणि रफार. इंग्रजी पुस्तकातून उचललेलं ओळींचं अंतर इथे ठेवलं तर ऊकार आणि रफार एकमेकांत घुसतात आणि वाचणाऱ्याची नजर क्षणभर अडते. असं पानात वीस ठिकाणी झालं की माणूस पुस्तक मिटतो आणि त्याला वाटतं की लेखकच कंटाळवाणा आहे. म्हणून मराठीला ओळींमध्ये अंतर अधिक लागतं, आणि ते किती हे फॉन्टगणिक बदलतं. पुन्हा मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे, ‘कुऱ्हाड’मधला ऱ्ह वेगळा. अनेक फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनतात. भाषा मराठी निवडली की मगच मराठी वळणं देतात, आणि काही तर देतच नाहीत. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू केला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. मोठमोठ्या कंपन्यांच्या फलकांवर अशी मोडलेली अक्षरं रोज दिसतात. लाखो रुपये खर्चून लावलेल्या त्या फलकाला मंजुरी देणाऱ्या साखळीत मराठी वाचणारं एकही माणूस नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

इथेच आजच्या काळजीचं उत्तर आहे, असं मला वाटतं. २०१३ मध्ये आलेल्या कॅनव्हाने साचे सगळ्यांच्या हाती दिले. २०२२ पासून शब्द टाइप केले की चित्र काढून देणारी यंत्रं आली. वाढदिवसाचं पोस्ट, दुकानाच्या सेलची जाहिरात, साधा लोगो यांसाठी गिऱ्हाईक आता डिझायनरकडे येणार नाही, किंवा फार कमी पैसे देईल. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर फुंकर घालणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ज्यांचं सगळं पोट साच्यातल्या कामावर होतं त्यांना झळ बसलेली आहे. पण हीच यंत्रं मराठी जोडाक्षर काढताना अजून अनेकदा चुकतात. त्याहून महत्त्वाचं, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटे पाचला नंबर लावून उभ्या असलेल्या माणसाला केसपेपर कुठे मिळतो हे समजत नाही, ही अडचण यंत्राला कुणीतरी जाऊन सांगावी लागते. त्या रांगेत उभं राहून पाहणारा माणूस हाच डिझायनर. पीक विम्याचा अर्ज, रेशनचं ॲप, औषधाच्या चकचकीत पट्टीवर कोपऱ्यात दाबून छापलेली आणि कापताना निघून जाणारी मुदतीची तारीख, मेट्रोतले फलक, पाठ्यपुस्तकातले नकाशे: या सगळ्यांत वाचणाऱ्याची बाजू घेणारं कुणीतरी लागणार आहे.

आता शिक्षण आणि पोटापाण्याचं. महाराष्ट्रात उपयोजित कलेच्या पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी, आयआयटी आणि इतर काही संस्थांच्या बी.डेस.साठी यूसीड, पदव्युत्तरला सीड, एनआयडीला तिची स्वतःची डॅट परीक्षा, अशी दारं आहेत. मुंबई-पुण्याबाहेर कोल्हापूरच्या कला महाविद्यालयांची मोठी परंपरा आहे. गोव्यात पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. खासगी संस्थांचं शुल्क काही ठिकाणी इतकं आहे की मध्यमवर्गीय घराने कर्ज काढण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांना गाठून बोलावं. पदवी नसली तरी काम मिळतं, हेही तितकंच खरं. या धंद्यात शेवटी फोल्डर उघडून काम पाहिलं जातं. मात्र चार वर्षांत मिळणारी संगत, एकमेकांच्या कामावर केलेली टीका, रात्री जागून केलेले प्रयोग यांची भरपाई यूट्यूबवरून होत नाही. ज्याला महाविद्यालय परवडत नाही त्याने निदान एखाद्या चांगल्या छापखान्यात सहा महिने काढावेत. प्लेट कशी लागते, चार रंग एकमेकांवर कसे बसतात, पडद्यावरचा भगवा कागदावर का विझतो, हे तिथेच कळतं.

पैशाबद्दल बोलायला आपली मंडळी लाजतात, म्हणून या पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. इथे दोनच गोष्टी सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात; करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्याने ‘सगळे हक्क तुमचे’ असं बोलून मोकळं होण्याआधी थांबावं, कारण त्या तीन शब्दांची किंमत असते. दुसरी गोष्ट थकबाकीची. उद्यम नोंदणी केलेला डिझायनर सूक्ष्म उद्योग म्हणून गणला जाऊ शकतो, आणि २००६ च्या कायद्याने अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर चढं व्याज. ‘पुढच्या कामात बघू’ असं ऐकत वर्ष काढणाऱ्या कितीतरी गुणी मुलांना हे माहीतच नसतं. अर्धी रक्कम आगाऊ घेणं, किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहिणं, मंजुरी कुणा एका माणसाची हे ठरवून घेणं, या सवयी पहिल्या कामापासून लावल्या तर पुढचा मनस्ताप वाचतो. मुलींना तर घरून काम करते म्हणून कमी पैसे सांगितले जातात. त्यांनी दर आधी कागदावर लिहून मगच बोलणीला बसावं.

हे पुस्तक सॉफ्टवेअर शिकवत नाही. सॉफ्टवेअर दर वर्षी बदलतं आणि पुस्तक छापून येईपर्यंत चित्रं जुनी होतात. त्याचा भर तीन गोष्टींवर आहे: मराठी मजकूर आणि अक्षर यांची जाण, काम करणाऱ्या डिझायनरांचे प्रत्यक्ष अनुभव, आणि व्यवहार. अनुभव मिळवताना मुंबई-पुण्याइतकंच लक्ष सांगली, नांदेड, जळगाव, मडगाव इथल्या माणसांवर दिलं आहे. यशाच्या कहाण्यांसोबत बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कहाण्याही आहेत, कारण शिकायला त्यांतून अधिक मिळतं. काही ठिकाणी माझी मतं तीव्र आहेत, विशेषतः शासकीय मांडणीबद्दल आणि पाठ्यपुस्तकांबद्दल. वाचकाला ती पटली नाहीत तर त्याने वाद घालावा. आपल्याकडे या विषयावर मराठीतून वादच होत नाहीत, ही खरी उणीव आहे. फॅशन, गृहसजावट, ॲनिमेशन चित्रपट हे शेजारचे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. त्यांच्यावर लिहायला त्या त्या क्षेत्रातली माणसं हवीत.

प्रत्येक प्रकरणाअखेर एक स्वाध्याय दिला आहे. पहिला स्वाध्याय आपल्या गावच्या एसटी स्थानकावरचं वेळापत्रक नव्याने मांडण्याचा. त्याला संगणक लागत नाही. आलेखाचा कागद, पेन्सिल, पट्टी आणि चौकशीच्या खिडकीपाशी तासभर उभं राहून माणसं काय विचारतात ते वहीत उतरवून घेण्याची तयारी, एवढं पुरे. माणसं गाडी कुठून सुटते ते आधी विचारतात की किती वाजता. परगावची कोणती नावं त्यांना माहीत असतात, कोणती नसतात. वाचता न येणारा माणूस कुणाला गाठतो, हे त्या वहीत आलं पाहिजे. तो स्वाध्याय करून मगच दुसऱ्या प्रकरणाकडे वळावं, अशी विनंती आहे.